मधुमेहातली न भरणारी पायाची जखम: कोणती शस्त्रक्रिया, केव्हा आणि कशासाठी?

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला किंवा बोटाला झालेली जखम कधी कधी महिना-दीड महिना उलटला तरी भरत नाही. मलमपट्टी चालू असते, गोळ्या चालू असतात, पण जखम तेवढीच राहते किंवा आतून पोखरत जाते. अशा वेळी डॉक्टरांनी 'ऑपरेशन करावे लागेल' म्हटले की घरच्यांच्या मनात एकच गोष्ट येते: पाय कापणार. या भीतीत आठवडे निघून जातात आणि छोट्या शस्त्रक्रियेने भागले असते तिथे मोठी करावी लागते.

बीड जिल्ह्यात या उशिराला आणखी एक कारण असते, ते म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. जोडीतल्या एकाचा पाय दुखावला तर कमाई थांबते आणि उचल अंगावर राहते. त्यामुळे 'हंगाम संपला की बघू' हा निर्णय बेफिकिरीचा नसतो, नाइलाजाचा असतो. पण मधुमेहातली जखम पाच महिने थांबत नाही. म्हणून कोणत्या जखमेला कोणती शस्त्रक्रिया लागते, त्यातली कोणती लगेच करावी लागते आणि कोणती ठरवून करता येते, हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

जखम भरत का नाही?

'साखर जास्त आहे म्हणून जखम भरत नाही' हे उत्तर अर्धेच आहे. भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. या सगळ्यांच्या पायाला जखमा होत नाहीत. जखम होण्यामागे आणि ती न भरण्यामागे प्रामुख्याने तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे बधिरपणा आणि दाब. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, आग होते आणि पुढे संवेदनाच जाते. चपलेत खडा गेला तरी कळत नाही. पायातले छोटे स्नायू दुबळे झाल्याने बोटे पंजासारखी वाकतात आणि चवड्याखालची हाडे खाली टोचू लागतात. घाम येणे कमी झाल्याने त्वचा कोरडी पडून भेगा पडतात. ज्या जागी सतत भार येतो तिथे आधी घट्टा होतो, मग घट्ट्याखाली रक्त साकळते आणि शेवटी जखम उघडते. दुखत नसल्याने माणूस त्याच जखमेवर चालत राहतो.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. मधुमेहात गुडघ्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात किंवा बंद पडतात. रक्तच पोहोचत नसेल तर औषधही पोहोचत नाही आणि नवे मांसही धरत नाही. तंबाखू, बिडी आणि मिश्री यांनी हा त्रास वाढतो.

तिसरी गोष्ट जंतुसंसर्ग. जखमेतून जंतू आत शिरतात, स्नायूंच्या पदरांमधून पसरतात आणि हाडापर्यंत पोहोचतात. वरून जखम रुपयाएवढी दिसते, पण आत पू साठलेला असतो.

पहिल्या कारणाचे महत्त्व आधी कुष्ठरोगाच्या कामातून कळले. तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे डॉ. पॉल ब्रँड १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत होते. कुष्ठरुग्णांचे मांस आजारामुळे आपोआप सडते, असा तेव्हा समज होता. बधिर पायावरचा भार काढला की त्याच रुग्णांच्या जखमा इतरांसारख्याच भरतात, हे ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत काम करताना त्यांनी हाच धडा मधुमेहींच्या पायांना लावला. आजच्या उपचारांचा पाया तोच आहे.

शस्त्रक्रियेआधी कोणत्या तपासण्या हव्यात?

जखम तिन्हींपैकी कोणत्या कारणाने अडली आहे, हे आधी ठरवावे लागते. बऱ्याच जणांमध्ये दोन कारणे एकत्र असतात. त्यासाठीच्या मूलभूत तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होण्यासारख्या आहेत.

नायलॉनचा ठरावीक जाडीचा धागा तळपायाला टेकवून संवेदना बघतात. घोट्याजवळच्या आणि पावलाच्या वरच्या नाडीचे ठोके बोटाने चाचपतात. ते लागत नसतील तर डॉपलर यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांत अडथळा आहे असे समजतात. मात्र मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि त्यामुळे हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

जखमेत निर्जंतुक सळई हलकेच घालून ती हाडाला टेकते का, हेही बघतात. टेकली तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता वाढते. त्यासोबत एक्स-रे काढतात. एक्स-रेमध्ये हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला एक्स-रे चांगला आला तरी काही काळाने तो पुन्हा काढावा लागतो. तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम या रक्ततपासण्याही होतात.

शस्त्रक्रियेचे प्रकार

१. पू काढणे आणि जखम साफ करणे. मेलेले मांस, घट्टा आणि सडका भाग काढून टाकण्याला डॉक्टर 'डिब्राइडमेंट' म्हणतात. साध्या जखमेत हे काम ओपीडीतच, दर आठवड्याला थोडे थोडे करतात. पाय बधिर असल्याने अनेकदा भूलही लागत नाही. काढल्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, त्याने घाबरायचे कारण नाही.

पण पायात पू साठला असेल, पाय सुजून लाल झाला असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप असेल, तर ही तातडीची शस्त्रक्रिया आहे. ती त्याच दिवशी व्हायला हवी. 'साखर चारशे आहे, आधी ती खाली येऊ द्या' म्हणून काही दिवस थांबणे धोक्याचे असते, कारण साठलेला पूच साखर वाढवत असतो. इन्सुलिन, सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करून त्यासोबतच पू बाहेर काढतात. पू निघाला की साखरही आटोक्यात यायला मदत होते.

२. दाब कमी करणाऱ्या शस्त्रक्रिया. यांच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती आहे. जखम दाबामुळे झाली असेल तर पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नसतो. पावलापासून गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारे प्लॅस्टर किंवा काढता न येणारा बूट घालतात. त्यामुळे भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर विभागला जातो. रक्तपुरवठा चांगला असेल आणि संसर्ग नसेल तर बऱ्याच जखमा एवढ्यानेच काही आठवड्यांत भरतात.

तेवढ्याने भागले नाही तर दाबाचे मूळ काढतात. वाकलेल्या बोटाच्या टोकाला जखम असेल, तर बोट वाकवणारी शीर खालून सुईने किंवा बारीक पात्याने सोडवतात. बोट सरळ होते आणि टोकावरचा भार जातो. हे काम जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते. चवड्याखाली जखम असेल आणि टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीज टेंडन, आखडलेली असेल तर ती शीर लांबवतात. अमेरिकेत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसते प्लॅस्टर घातलेल्यांपैकी ८१ टक्के रुग्णांना दोन वर्षांत पुन्हा जखम झाली. प्लॅस्टरसोबत शीर लांबवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. शीर प्रमाणापेक्षा जास्त लांबली तर भार टाचेवर जाऊन तिथे जखम होऊ शकते, म्हणून हे काम अनुभवी हातांनीच व्हावे. काहींमध्ये चवड्याखाली टोचणाऱ्या हाडाचे टोक किंवा पावलाखाली वाढलेला हाडाचा उंचवटा काढतात. बोट तसेच राहते, फक्त आतले टोचणारे हाड जाते.

३. रक्तपुरवठा वाढवणाऱ्या शस्त्रक्रिया. रक्त कमी पडत असेल तर मांडीतून बारीक तार आणि फुगा घालून बंद रक्तवाहिनी उघडतात. ही अँजिओप्लास्टी हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखीच असते. दुसरा मार्ग बायपासचा. त्यात पायातलीच वरवरची शीर वापरून अडथळ्याला वळसा घालतात. दोन्हींपैकी कोणता मार्ग चांगला, याचे सगळ्यांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. २०२२ सालच्या 'बेस्ट-सीएलआय' या मोठ्या चाचणीत, चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपासचा जास्त फायदा झाला. २०२३ सालच्या 'बेसिल-२' या चाचणीत गुडघ्याखालच्या अडथळ्यांसाठी अँजिओप्लास्टी सरस ठरली. अडथळा कुठे आहे, शीर चांगली आहे का आणि हृदय-मूत्रपिंड किती साथ देतील, यावर निर्णय होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर अँजिओग्राफीच्या औषधाने त्याला त्रास होऊ शकतो, म्हणून ते आधी सांगावे.

४. हाडातल्या संसर्गासाठी. हाडाला कीड लागली की ते काढावेच लागते, असे नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२३ सालच्या शिफारशींनुसार हाड न काढता सुमारे सहा आठवडे अँटिबायोटिक देण्याचा पर्याय काही रुग्णांत वापरता येतो. हाड मऊ होऊन तुटत असेल, आजूबाजूला पू असेल किंवा औषधाने फरक पडत नसेल तर तेवढा तुकडा काढतात. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला का, हे विचारून घ्यावे. कोणते अँटिबायोटिक लागू पडेल, हे त्यातून कळते.

५. जखम बंद करणे. जखम स्वच्छ, लालसर आणि भरती झाली की मांडीवरची पातळ त्वचा घेऊन तिथे लावतात. त्याआधी काही दिवस जखमेवर फोम आणि प्लॅस्टिकचा पापुद्रा लावून यंत्राने सतत ओढ देतात. याला 'व्हॅक' ड्रेसिंग म्हणतात. त्याने पाणी निघून जाते आणि मांस लवकर भरते. तळव्याच्या भार येणाऱ्या जागी पातळ त्वचा टिकत नाही. तिथे पावलाचेच जाड मांस सरकवून झाकण्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

६. बोट, पाऊल किंवा पाय काढणे. बोट काळे पडून मेले असेल तर ते परत येत नाही. बोट काढणे, बोटासोबत त्यामागचे लांब हाड काढणे, चवड्याचा पुढचा भाग काढणे, गुडघ्याखालून पाय काढणे, अशा याच्या पायऱ्या आहेत. संसर्ग अंगभर पसरून जीव धोक्यात आला असेल, तर पाय काढणे हीच जीव वाचवणारी शस्त्रक्रिया ठरते. तेव्हाही शक्य असेल तिथे गुडघा वाचवतात, कारण गुडघा असेल तर कृत्रिम पाय लावून चालणे कितीतरी सोपे जाते.

'एकदा कापायला लागले की कापतच जातात', हे खरे आहे का?

गावोगाव ऐकू येणारे हे वाक्य अनुभवातून आलेले आहे. आधी बोट काढले, महिन्याने पाऊल आणि नंतर गुडघ्याखालून पाय, असे घडलेली माणसे लोकांनी पाहिलेली असतात. पण कापणे हे त्याचे कारण नसते. बोट काढले, पण त्या पायाला रक्तच पुरत नव्हते, त्यामुळे टाके भरले नाहीत. किंवा अंगठा काढल्यावर त्याचा भार शेजारच्या बोटावर गेला आणि तिथे नवी जखम झाली. जखमेच्या मूळ कारणाकडे लक्ष गेले नाही, की एका शस्त्रक्रियेमागून दुसरी येते.

म्हणून तातडीचा पू काढण्याचा प्रसंग सोडला, तर बोट काढण्याआधी रक्तपुरवठ्याची तपासणी झालीच पाहिजे. शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना पुढील प्रश्न नि:संकोच विचारावेत.

- माझी जखम कशामुळे भरत नाही: दाब, रक्त की संसर्ग?
- पायातला रक्तपुरवठा मोजला का? तो कमी असेल तर आधी वाढवता येईल का?
- ही शस्त्रक्रिया आजच करायची आहे की थोडे दिवस थांबता येईल?
- यानंतर किती आठवडे पायावर भार द्यायचा नाही?
- पुन्हा तिथेच जखम होऊ नये म्हणून चपला किंवा बुटात काय बदल करायचा?

बीड जिल्ह्यातल्या रुग्णाने कुठे जावे?

घट्टा, भेग किंवा छोटी जखम असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लगेच दाखवावे. पू काढणे, बोटाची शस्त्रक्रिया, त्वचारोपण यांसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सरकारी ठिकाणे आहेत. ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेले हे महाविद्यालय केज, धारूर, परळी या भागांना जवळ पडते. गेवराईकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सोयीचे आहे, तर आष्टीकडचे लोक अहिल्यानगरला जातात. पायाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास मात्र साधारणपणे मोठ्या शहरात होते. त्यासाठी पाठवायचे असेल तर ते लवकर पाठवावे, असा आग्रह नातेवाइकांनी धरावा. पाय काळा पडल्यावर केलेल्या प्रवासाचा उपयोग कमी होतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आहेत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, हे त्याच्याकडून दाखल होतानाच विचारून घ्यावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. ही योजना जिल्ह्यापुरती नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा पुण्याकडे तोडीवर असलेल्या कामगारालाही तिथल्या योजनेतल्या रुग्णालयात उपचार घेता येतात. त्यासाठी गावी परत येण्याची वाट बघू नये. कागदपत्रे घरी न ठेवता टोळीसोबत न्यावीत, हा त्यातला साधा धडा. राज्यात कुठेही अचानक तब्येत बिघडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

हंगामाचे गणित

जखम बरी व्हायला लागणारा वेळ आणि कामाचा हंगाम यांचा मेळ घालता येतो, पण त्यासाठी आधी तपासणी हवी. टोळी निघण्याच्या दोन महिने आधी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, मधुमेह असलेल्या प्रत्येकाने पाय तपासून घ्यावेत. तेव्हा सापडलेला घट्टा काढता येतो, वाकलेल्या बोटाची शीर सोडवता येते आणि प्लॅस्टरलाही वेळ मिळतो. जखम उघडी असताना फडात उतरणे फार धोक्याचे आहे. फडात पाचटाखाली बुडख्यांचे टोकदार खुंट असतात, जमीन ओली असते आणि डोक्यावर मोळ्या घेऊन गाडीपर्यंत चालावे लागते. हा सगळा भार त्याच चवड्यावर येतो.

काही घरगुती उपायांनी नुकसान होते. काटा मोडला की त्यावर बिब्बा घालणे, रुईचा चीक लावणे, गरम गुळाचा चटका देणे, हे प्रकार बधिर पायावर भाजल्याच्या मोठ्या जखमा करतात. गरम पाण्यात पाय शेकणे, ब्लेडने घट्टा कापणे आणि दुकानातली कुरूपाची पट्टी लावणे, हेही टाळावे.

लगेच रुग्णालयात जाण्याची लक्षणे अशी: जखमेभोवती वाढत जाणारी लाली किंवा सूज, दुर्गंधी, पू, थंडी-ताप, बोट निळे-काळे पडणे, साखर अचानक वाढणे. जखम नसतानाही एक पाय अचानक गरम आणि सुजलेला वाटत असेल तर तेही धोक्याचे आहे. बधिर पायातली हाडे आतल्या आत खचत असण्याची ती खूण असू शकते. त्याला 'शार्को पाय' म्हणतात. अशा पायावर चालणे ताबडतोब थांबवून प्लॅस्टर घालावे लागते. यापैकी कशातही दुखेलच असे नाही. दुखत नाही म्हणून गंभीर नाही, हा हिशेब मधुमेहाच्या पायाला लागू होत नाही.

जखम भरल्यानंतर

जखम भरली तरी पायाची संवेदना परत येत नाही. जगभरच्या अभ्यासांनुसार भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात आणि पाच वर्षांत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मऊ एमसीआर रबराचा तळ असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट वापरावा. अंगठ्याची साधी स्लिपर बधिर पायातून केव्हा निसटते ते कळत नाही. घरातही अनवाणी फिरू नये. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजतात, तिथे जाड मोजे घालावेत.

रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा बघावा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावे. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकावी. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांच्या सहभागाने भारत आणि टांझानियात राबवलेल्या 'स्टेप बाय स्टेप' या कार्यक्रमात डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोड्यांना पायाची तपासणी आणि काळजी शिकवण्यावर भर होता. ही कामे साधीच आहेत, त्यांना मोठे रुग्णालय लागत नाही. ज्याला एकदा जखम झाली आहे, त्याने दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावा. तोडीवर जाणाऱ्याने तिकडच्या जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव आधीच विचारून ठेवावे, आणि मागच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. नवा डॉक्टर ते बघूनच पुढचा निर्णय लवकर घेऊ शकतो.